घरातल्या पिसवांचा बंदोबस्त: कुत्र्या-मांजराच्या अंगापासून फरशीच्या फटीपर्यंत

पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढा आणि कुत्रं जिथं झोपतं तिथं, म्हणजे जिन्याखाली, सोप्यातल्या बाकड्याखाली, पलंगाच्या कडेनं, दहा मिनिटं सावकाश फिरा. मोज्यावर तिळापेक्षा बारीक, तपकिरी-काळे किडे चढलेले दिसले आणि धरायला गेल्यावर उडून गेले, तर त्या पिसवा. गोचीड उडी मारत नाही, कातडीला चिकटून रक्त पिऊन फुगते. ढेकूण रात्री अंथरुणात चावतो आणि अंगभर चावतो. पिसू माणसाला चावते ती बहुतेक घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, जवळजवळ दोन-तीन पुळ्या उठतात आणि खाज दिवसभर राहते.

जनावरावर खात्री करायची असेल तर उवांची बारीक दातांची फणी घ्या. शेपटीच्या मुळापासून पाठीवर आणि पोटाखाली ती केस उलटे करत फिरवा. फणीत मिरपुडीसारखे काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवून बोटानं चोळा. तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त. नुसती माती असेल तर डाग मातकटच राहतो. एकही पिसू दिसली नाही आणि तांबूस डाग आला, तरी पिसवा आहेत असंच धरून चाला. मांजर तर अंग चाटून पिसवा गिळून टाकतं, त्यामुळं त्याच्या अंगावर पुरावा सापडणं अवघडच.

बेळगावकडं जनावरांच्या दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात कन्नडमधून बोलायची वेळ आली तर पिसूला 'चिगट' आणि गोचिडीला 'उण्णी' म्हणतात हे लक्षात असू द्या. दोन्हींची औषधं काही ठिकाणी एक आहेत, काही ठिकाणी अजिबात नाहीत. गोचिडीचं औषध पिसवांसाठी घरी येतं ते अनेकदा नावांच्या या गोंधळातूनच.

मुक्काम कुठं असतो

कुत्र्यावर ज्या दिसतात त्या सगळ्या प्रजेतल्या शंभरात पाचेक. उरलेल्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोश होऊन घरात पडलेल्या असतात. सगळा उपाय या एका हिशेबावर उभा आहे. कुत्र्याला आंघोळ घातली, पावडर मारली, आठवड्यानं पिसवा परत आल्या, मग 'औषध बोगस निघालं' अशी तक्रार. औषध बहुतेक वेळा बरोबर असतं, ते फक्त पाच जणींवर चालवलेलं असतं.

मादी जनावराच्या अंगावर चढून रक्त प्यायली की एक-दीड दिवसात अंडी घालू लागते, आणि भरात आली की दिवसाला चाळीस-पन्नास. अंडी पांढरी, गुळगुळीत, अर्ध्या मिलिमीटरची. ती केसांत टिकत नाहीत, जनावर झोपेल, अंग झाडेल, उडी मारेल तिथं गळतात. एक ते दहा दिवसांत त्यातून अळी निघते. अळीला उजेड नको असतो, म्हणून ती फटीत, वाकळेच्या शिवणीत, जमखान्याच्या धाग्यांत शिरते आणि वरून गळलेली तीच रक्ताची विष्ठा खाऊन वाढते. पुढं ती चिकट कोश विणते. कोशाला धूळ-माती चिकटते, तो मातीच्या कणासारखाच दिसतो, आणि बाजारात मिळणारी फवारणीची औषधं त्याच्या आत पोचत नाहीत.

कोशातली पिसू आठ-दहा दिवसांत तयार होते, पण बाहेर यायची घाई करत नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती काही सेकंदांत बाहेर उडी मारते. तोवर चार-पाच महिनेही ती वाट पाहू शकते. घर महिनाभर कुलूप लावून पुण्याला किंवा गोव्याला गेलं आणि परत येऊन उंबरा ओलांडला की पायांवर एकदम पिसवांचा मारा होतो, तो यामुळं. घरात जनावर नसताना त्या 'आल्या' असं वाटतं. त्या आधीपासून तिथंच होत्या, कुणी चालायला नव्हतं एवढंच.

हवामानाचाही हात आहे. अळीला हवेत निम्म्याहून जास्त दमटपणा लागतो, कडक ऊन आणि कोरड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या कोरड्या अथणी-रायबागकडं उन्हाळ्यात अंगणातल्या अळ्या टिकत नाहीत, आणि पावसाळी खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाची झड लागली की घरोघरी तक्रार सुरू होते. जून ते ऑक्टोबर हे खरे दिवस. ऊब आणि दमटपणा जुळला की अंड्यापासून पिसूपर्यंतचा फेरा तीन आठवड्यांत पुरा होतो. थंडीत तो रेंगाळतो, थांबत नाही.

पहिला दिवस: जनावरं

घरात जेवढी कुत्री-मांजरं आहेत, तेवढ्यांना एकाच दिवशी औषध. घरात झोपणाऱ्या कुत्र्याला दिलं आणि परड्यात येऊन-जाऊन असणाऱ्या बोक्याला सोडलं, तर तो बोका रोज चाळीस अंडी आणून टाकत राहतो. गल्लीतलं कुत्रं पायरीवर झोपत असेल तर त्याचाही विचार करावा लागतो. गोळी चारता येण्याएवढी ओळख असेल तर पशुवैद्यांना विचारून अंदाजे वजनावर द्या, नाहीतर निदान त्याची झोपायची जागा घरापासून लांब करा.

आधी वजन. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. अंदाजानं घेतलेली मात्रा हे औषध न लागण्याचं फार मोठं कारण आहे. १२ किलोच्या कुत्र्याला मानेवर टाकायच्या औषधाची '१० किलोपर्यंत'ची नळी लावली तर ती पूर्ण महिना पुरत नाही.

मानेवर टाकायच्या फिप्रोनिलच्या नळ्या वजनाच्या टप्प्यांत येतात: कुत्र्याला १० किलोपर्यंत ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४ मिली, २० ते ४० किलोला २.६८ मिली. मांजराला ०.५ मिली, आणि तीही मांजराची म्हणून वेगळी मिळणारी नळी. दोन खांद्यांच्या मधला भाग शोधा, केस दोन्हीकडं सारून कातडी उघडी करा आणि नळीचं टोक कातडीला टेकवून दाबा. केसांवर ओतलेलं औषध वाया जातं. मांजराला आणखी थोडं वर, मानेच्या मुळाशी टाका, म्हणजे जीभ पोचत नाही. टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. औषध कातडीतल्या तेलातून अंगभर पसरतं. शांपूनं ते तेलच धुऊन काढलं तर पसरायला काही उरत नाही. आज शांपू आणि आजच नळी ही जोडी सगळ्यात जास्त फसते. औषध लावलेलं कुत्रं पुढचे दोन दिवस विहिरीत, तळ्यात, ओढ्यात उतरू देऊ नका, माशांना ते विषारी आहे.

पावसाळ्यात रोज भिजणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या कुत्र्याला तोंडातून द्यायची गोळी सोयीची पडते. अफोक्सोलानरची गोळी महिन्याला एक, ८ आठवड्यांपुढच्या आणि २ किलोंपुढच्या कुत्र्याला. फ्लुरालानरची गोळी साधारण १२ आठवडे चालते, ती खाण्याबरोबर द्यावी. या गटातली औषधं फिट येणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्यांशी बोलल्याशिवाय देऊ नयेत. कुत्र्याची गोळी मोडून मांजराला घालू नये.

८ आठवड्यांच्या आतली पिल्लं, गाभण किंवा पाजणारी मादी यांच्या बाबतीत दुकानदाराचा सल्ला चालणार नाही, दवाखान्यातच न्या. पिल्लांवर पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन ती दगावतात. हिरड्या पांढुरक्या दिसणं ही धोक्याची खूण. तोवर हातात असलेला सुरक्षित उपाय म्हणजे फणी. शेजारी भांड्यात एक लिटर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड टाकून ठेवा आणि फणीत आलेली प्रत्येक पिसू त्यात बुडवा. साध्या पाण्यावर ती तरंगते आणि पुन्हा उडते, साबणानं पाण्याचा ताण मोडतो म्हणून ती बुडते. पिल्लाला आंघोळ घालायचीच तर कोमट पाणी, आणि आधी गळ्याभोवती फेसाचं कडं. नाहीतर अंग भिजताच सगळ्या पिसवा कानाकडं आणि डोळ्यांकडं पळतात. लगेच कोरडं करा.

औषध दिलेलं जनावर घराबाहेर बांधून ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. कोशातून निघालेली पिसू ऊब शोधत कुणाच्या तरी अंगावर चढणारच. ती औषध लागलेल्या कुत्र्यावर चढली तर अंडी घालायच्या आत मरते. त्याला घरात नेहमीसारखं फिरू द्या, तोच तुमचा सापळा.

मांजराचं वेगळं

पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला मारतं. कुत्र्याच्या काही नळ्यांत, पावडरींत आणि फवाऱ्यांत ते असतं, म्हणून 'पर्मेथ्रिन' हा शब्द डब्यावर दिसला की ते मांजरापासून लांब. ते लावलेल्या कुत्र्याला मांजर चाटत किंवा त्याच्याजवळ झोपत असेल तरी धोका आहे. गोठ्यासाठी आणलेली डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची बाटलीही याच घराण्यातली. 'गायीला चालतं मग मांजराला थेंबभर काय होतंय' असं म्हणून लावलं की काही तासांत मांजर थरथरू लागतं, लाळ गळते, झटके येतात. तसं झालं तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं अंग धुवा, कोरड्या कापडात गुंडाळा आणि दवाखाना गाठा. उद्यावर टाकू नका. अमिट्राझ हे गोचिडीचं औषध, तेही मांजराला नको. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या वाऱ्यालाही नको.

त्याच दिवशी: घर

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पलंगाखाली, सोफ्याच्या गाद्यांच्या आत, भिंतीच्या कडेनं, जिन्याच्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांत सावकाश फिरवा. त्याचा हादरा कोशांना बाहेर यायला लावतो, हा दुसरा फायदा. पिशवी घरात ठेवू नका, प्लास्टिकमध्ये गाठ मारून बाहेर. व्हॅक्यूम नसेल तर केरसुणीनं कोरडं झाडू नका, अंडी उडून दुसऱ्या खोलीत जातात. पाण्याचा हलका शिपका मारा, कडेकडेनं केर ओढा आणि तो केर थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका.

शहाबादी फरशीचे सांधे जुन्या घरांत उघडे पडलेले असतात आणि अळ्यांची खरी वस्ती त्यात असते. फटींतला मळ जुन्या दात घासायच्या ब्रशनं किंवा सळईनं उकरून काढा, मग किटलीनं उकळतं पाणी फटीफटीनं सोडा. मुलांना आणि जनावरांना त्या वेळी बाहेर काढा. अळी, अंडी आणि कोश तिन्ही मारायला उकळत्या पाण्याएवढं स्वस्त दुसरं काही नाही. वाळल्यावर व्हाइट सिमेंटनं फटी बुजवल्या तर पुढच्या पावसाळ्यात निम्मं काम वाचतं. जमीन शेणानं सारवलेली असेल तर भेगा आधी उकरा, उकळतं पाणी सोडा, उघडीप पाहून सारवा. झडीत सारवलेली जमीन दोन-दोन दिवस ओलसर राहते आणि अळ्यांना नेमकं तेच हवं असतं.

कपड्यांचं सोपं आहे: जनावर ज्यावर झोपतं ते सगळं ६० अंशांच्या पुढच्या पाण्यात. बंबातलं कडक पाणी घमेल्यात ओतून कपडे बुडवून ठेवा. अवघड जाते ती वाकळ. ती पावसात वाळत नाही आणि तिच्या थरांत कोश लपलेले असतात. ऊन असेल तर पत्र्यावर दिवसभर, दोन्ही बाजूंनी. ऊन नसेल तर ती कुत्र्याला पुन्हा देऊ नका. कुत्र्याखालचं पोतं धुण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा प्लास्टिकमध्ये बांधून टाकून द्या. त्याच्या जागी जुन्या लुगड्याची घडी घाला आणि दर चार-पाच दिवसांनी ती उकळत्या पाण्यातून काढा. अंड्यातून निघालेल्या अळीला वाढायलाच वेळ मिळत नाही. गाडीतून कुत्रं नेत असाल तर मागची सीटही याच यादीत.

फवारणी करायची की नाही? एखाद-दोन खोल्यांत मोज्यावर चार-पाचच पिसवा चढत असतील तर नाही. जनावरांचं औषध आणि वरची साफसफाई पुरते, वेळ लागतो इतकंच. घरभर असतील तर करावी. करताना दोन गोष्टी बघा: मोठ्या पिसवांना मारणारं औषध आणि त्याच्या जोडीला अळीची वाढ रोखणारं पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन. पेस्ट कंट्रोलवाल्याला हे नाव घेऊन विचारा. पहिलं एकटंच मारलं तर महिन्यात मूळ पदावर. मात्रा डब्यावरच्या लेबलप्रमाणेच, आणि डबा घरगुती वापराचा पाहिजे. उसाला किंवा तंबाखूला आणलेलं उरलेलं औषध घरात मारणारे लोक आहेत. त्याबद्दल एवढंच सांगतो की ती औषधं मुलं रांगतात त्या फरशीसाठी केलेली नाहीत.

फवारा पलंगाखाली, सोफ्याखाली, भिंतीच्या बुडाशी, जिन्याखाली पाहिजे. उंच भिंतींवर मारणारा माणूस झुरळ-डासांच्या सवयीनं मारतो आहे, त्याला खाली वाकायला सांगा. धुराच्या मशीननं पलंगाखालचं काही मरत नाही. माशांची टाकी असेल तर झाकून हवेचा पंप बंद करा. फरशी पूर्ण वाळेपर्यंत जनावरं आणि मुलं बाहेर, पावसाळ्यात याला तीन-चार तासही लागतात. नंतर दोन आठवडे त्या कडा ओल्या फडक्यानं पुसू नका. दुसऱ्याच दिवशी फिनेल टाकून घर लख्ख पुसणं म्हणजे आदल्या दिवसाचे पैसे गटारात. तसंही फिनेल मांजराच्या पोटात गेलं तर विषारी, आणि मांजर पाय चाटतंच.

परडं आणि गोठा

उन्हातल्या मोकळ्या अंगणावर औषध घालवू नका, तिथं अळी जगत नाही. सावलीची ओलसर जागा शोधा: सरपणाच्या ढिगाखाली, पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) वळीच्या बुडाशी जिथं मांजर व्यायलेलं असतं, झाडाखाली कुत्र्यानं उकरलेला खड्डा. ढीग हलवा, वरची दोन-तीन बोटं माती खरवडून उन्हात पसरा, गवत कापा. शेळ्यांच्या करडांना आणि वासरांना हीच पिसू लागते, आणि करडू सुकत चाललं असेल तर पोटाखाली आणि कानांमागं पाहा. गोठ्यात सगळ्या जनावरांना एकाच वेळी, पशुवैद्यांनी सांगितलेल्या मात्रेनं औषध, आणि खालचा ओला गाळ रोज बाहेर. कोंबड्यांच्या तुऱ्याभोवती आणि डोळ्यांपाशी काळे ठिपके घट्ट चिकटलेले दिसले तर ती वेगळी, चिकटून राहणारी पिसू. अंड्यांवरच्या कोंबडीला कुत्र्याचं फिप्रोनिल लावू नये, ते अंड्यात उतरतं.

गावठी उपायांपैकी

तंबाखूचं पाणी निपाणी भागात सहज सुचतं. निकोटिन कातडीतून अंगात जातं आणि पिल्लू किंवा मांजर त्यानं दगावू शकतं. डांबरगोळ्या, कापूर, रॉकेल यांचंही तेच. लसूण खायला घातल्यानं पिसू पळत नाही, कुत्र्याचं रक्त मात्र बिघडतं. घरातल्या जुन्या डब्यात गॅमेक्सिन ही कीटकनाशक पावडर सापडली तर वापरू नका, त्यातल्या लिंडेनवर देशात २०१३ पासून बंदी आहे. उपयोगी आणि निरुपद्रवी एकच: रात्री जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचं पाणी आणि वीतभर उंचीवर दिवा. त्यानं घर साफ होत नाही, पण रोज सकाळी ताटलीतल्या पिसवा मोजल्या की कमी होतात की नाही ते कळतं.

उंदरांचं औषध टाकायचं असेल तर पिसवांचं काम झाल्यावर. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधत निघतात. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग १८९८ पर्यंत हुबळीत पोचला होता, आणि त्याच साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी तो उंदरांवरून पिसवांमार्फत पसरतो हे दाखवलं. आज कुत्र्या-मांजराच्या पिसवांनी प्लेग येईल अशी धास्ती घ्यायचं कारण नाही. मात्र घरात किंवा गल्लीत एकदम बरेच उंदीर मरून पडू लागले तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवा. खानापूर-दोडामार्गच्या जंगलपट्ट्यात ज्याची भीती असते तो माकडताप गोचिडीमुळं होतो, पिसवांमुळं नाही.

जनावराच्या गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणात वाळलेल्या तांदळासारखे दाणे दिसले तर तो पट्टकृमी. त्याची अंडी पिसूची अळी खाते, आणि कुत्रं ती पिसू चावून गिळतं. लहान मुलानं चुकून पिसू गिळली तर त्यालाही होतो. प्राझिक्वांटेलची गोळी वजनावर मिळते, पण पिसवा असेपर्यंत जंत परत येणार. काही कुत्र्यांना तर एका-दोन चाव्यांचीही ॲलर्जी असते. शेपटीच्या मुळाशी केस जाऊन कातडी लाल होते आणि अंगावर पिसू सापडत नाही. तिथं खाजेचं औषध वेगळं घ्यावं लागतं.

पुढचे तीन महिने

पहिल्या दोन दिवसांत कुत्र्यावरच्या मरतात आणि घर शांत वाटतं. मग दहाव्या ते वीसाव्या दिवसाच्या सुमारास पिसवा पुन्हा दिसू लागतात. या टप्प्यावर बरेच जण औषध बदलतात किंवा दुप्पट मारतात, दोन्ही चूक. हे जुने कोश फुटत आहेत. त्यांना फुटू द्या, रोज चाला, रोज झाडा, कुत्रं घरात फिरू द्या. महिन्याची नळी किंवा गोळी बरोबर तिसाव्या दिवशी पुन्हा, तिसऱ्यांदा साठाव्या दिवशी. पाच-सात दिवसांची सूट घेतली की तेवढ्यात अंडी पडतात आणि मोजणी पहिल्यापासून. सहा आठवड्यांनंतरही ताटलीतला आकडा उतरत नसेल तर औषधाआधी हे तपासा: वजन बरोबर होतं का, आंघोळ मध्ये आली का, एखादं जनावर राहिलं का, आणि माळ्यावर किंवा कौलाखाली कुणी मांजर व्यायलं आहे का.

मोज्याची चाचणी दर रविवारी करा. सलग चार रविवार मोजे कोरे आले तरी तिसरा डोस चुकवू नका. पुढच्या वर्षी मृगाची वाट न पाहता मेच्या शेवटच्या आठवड्यात पहिला डोस द्या आणि तो दिवाळीपर्यंत दर महिन्याला चालू ठेवा.